न्यूट्रलमधला आवाज

"वैनी, गाडीचं मी बगतो. तुमी पोरीच्या कानाचं बगा."

शमशुद्दीन मिस्त्री हे बोलले तेव्हा हातांचं ग्रीस चिंधीला पुसत होते. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते बघत होते माझ्या कडेवरच्या सुनेत्राकडे. ती तेव्हा चौदा महिन्यांची. मी म्हटलं, "झोपेची वेळ झालीय तिची, म्हणून गप्प आहे," आणि पदर सावरून बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टांग्याकडे चालायला लागले. टांग्यात बसल्यावर ह्यांना म्हणाले, "बहिऱ्या माणसाला सगळं जगच बहिरं वाटतं." हे हसले. मीही हसले.

सप्टेंबर शहात्तरमधली ही गोष्ट. आज पाच वर्षं झाली, पण ते हसू आठवलं की मला अजून कानकोंडं व्हायला होतं.

आम्ही तेव्हा कोल्हापुरात, राजारामपुरीत राहायचो. हे तंत्रनिकेतनात मुलांना मोटारींची इंजिनं शिकवायचे, आणि शिकवता शिकवता स्वतःच एका मोटारीच्या नादी लागले होते. गडहिंग्लजकडच्या एका इनामदारांच्या गोठ्यात, कडब्याखाली, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची एक विलायती टू-सीटर ह्यांना सापडली होती. तिच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसायची. ट्रॅक्टरला बांधून ती गाडी घरी आणली, तेव्हा सासूबाई दारात उभ्याच राहिल्या.

"दोनच माणसं बसणार? मग मी काय टपावर बसू?"

"टप न्हाई तिला, आई."

"टपबी न्हाई! आन पैसं देऊन आणलीस?"

पण रविवारी संध्याकाळी ती गाडी रंकाळ्याच्या रस्त्यानं निघाली की लोक सायकलीवरून उतरून बघायचे. मी शेजारी, मांडीवर सुनेत्रा, केसांना रुमाल बांधलेला. तळ्यावरचा वारा, भेळेतल्या कच्च्या कैरीचा वास आणि ह्यांच्या चेहऱ्यावरचा तो लहान मुलासारखा अभिमान. संसारातलं मला काही पुन्हा मागता आलं असतं, तर मी त्यातला एक रविवार मागितला असता.

गाडी बंद केली तर परत चालू होईल याची खात्री नसायची. म्हणून भेळ संपेपर्यंत इंजिन चालूच ठेवायचं, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हे बॉनेटला टेकून उभे राहायचे. अशाच एका रविवारी मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. इंजिनाच्या धडधडीच्या खालून, माझ्या सीटच्याही खालून. कुणी जात्यात मूठभर खडे टाकून सावकाश दळत बसावं, तसा. हे आत येऊन बसले आणि निघालो की तो जायचा.

"ऐकलंत?"

"काय?"

"तो आवाज. खालून येतोय."

"अगं, जुनी गाडी आहे. कुरकुरणारच. तुला रात्री पोरीच्या श्वासातसुद्धा काहीतरी ऐकू येतं."

ते खरं होतं. सुनेत्रा झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. बी.एस्सी. झालेली बाई मी. नुसती काळजी करून माझं भागत नसे, मी ती लिहून ठेवायची. एक दोनशे पानी वही केली होती. पुढून सुनेत्राची: दात कधी आला, दूध किती प्याली, काय केलं की दचकली आणि काय केलं की नाही. त्याच वहीत शेवटच्या पानापासून मागून पुढं मी गाडीची नोंद सुरू केली. 'थंड असताना कमी. तापल्यावर जास्त. गाडी उभी असताना. रेस वाढवली की ऐकू येत नाही.' हे वही बघून म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यांत एकजण असा असता तर!" पण आवाजावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. माझी खोड मोडावी म्हणूनच त्यांनी गाडी मिस्त्रींकडे न्यायचं कबूल केलं, असं मला अजून वाटतं.

शमशुद्दीन मिस्त्रींची शेड उद्यमनगरात, फाउंड्र्यांच्या मागच्या बोळात. पायाखाली ओतकामाची काळी वाळू, हवेत जळक्या तेलाचा वास, वर पत्र्यात कबुतरं. मिस्त्री पन्नाशीचे, किडकिडीत, आखूड दाढीचे. तरुणपणी एका साखर कारखान्यात बॉयलरच्या पोटात बसून पत्रे जोडणारी रिबिटं ठोकायचं काम त्यांनी आठ वर्षं केलं होतं, त्यात कान गेले. तरी अख्ख्या गावातल्या अवघड गाड्या त्यांच्याकडे यायच्या. त्यांच्याजवळ हातभर लांबीची एक शिसवी काठी होती. तिचं एक टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं आणि दुसरं दातात धरायचं. दाताच्या जागी लाकडावर खळगे पडले होते. वरचे बारीक आवाज त्यांचे गेले होते. पण खालची, जड घुरघुर दातांतून कवटीत शिरायची, आणि तिथं त्यांची बरोबरी करणारं कुणी नव्हतं.

शेजारच्या गुंडू वेल्डरनं आम्हाला बघून चष्मा कपाळावर चढवला. "काय सर, कालेजात पोरांना इंजन शिकवताय, आन सवताची गाडी बहिऱ्याला दावताय व्हय?"

मिस्त्रींना ओठांवरून कळायचं. ते म्हणाले, "गुंड्या, तुज्या तोंडाला आदी वेल्डिंग मार."

हे आत बसून गाडी चालू ठेवून होते. मिस्त्रींनी बॉनेट उघडून काठी टेकवली, डोळे मिटले. इकडे टेकवली, तिकडे टेकवली. बराच वेळ. मग काठी काढून मान हलवली.

"इंजन साफ हाय."

हे माझ्याकडे बघून नुसते हसले. माझे कान तापले. आवाज खरंच नव्हता. मलाही आता येत नव्हता. मी वही काढून वाचायला लागले, तशी मिस्त्रींनी बोटानं खूण केली: समोर या, तोंड दिसू द्या. मी त्यांच्यापुढं उभी राहून सगळं वाचून दाखवलं. 'गाडी उभी असताना' या ओळीशी त्यांनी मला थांबवलं आणि ह्यांच्याकडे वळले.

"सर, गाडी न्यूट्रलमधी हाय न्हवं?"

"आहे की."

"मग डावा पाय कुटं हाय?"

ह्यांनी खाली बघितलं. पाय क्लचवर होता, पूर्ण दाबलेला.

"समदी असंच करत्यात," मिस्त्री म्हणाले. "मिस्त्रीच्या दारात आली की क्लच दाबून बसत्यात, जनू पळून जायाचं हाय. काडा पाय."

ह्यांनी पाय उचलला. आणि खालून ते जातं फिरायला लागलं.

"आयला, आला की!" गुंडू ओरडला.

मिस्त्रींनी सीटजवळची चटई उचकटली, काठी खाली गिअरबॉक्सवर टेकवली, दुसरं टोक दातात. हातानं खुणा सुरू. दाबा: गेला. सोडा: आला. दाबा, सोडा. पाच-सहा वेळा. मग काठी काढून म्हणाले, "इंजन न्हवं. गिअरबॉक्सच्या तोंडाचं बेअरिंग खल्लास हाय. क्लच दाबला की पेटी उभी ऱ्हाती, म्हून गप. पाय काडला की न्यूट्रलमधीबी आतलं फिरतं. आन रेस दिली की आजार जात न्हाई, इंजनाच्या दंग्यात झाकतो."

रंकाळ्यावर हे गाडीच्या बाहेर उभे असायचे आणि मी आत. म्हणून मला आवाज यायचा. हे आत आले, क्लचवर पाय ठेवला, की आवाज गायब. इंजिनं शिकवणाऱ्या माणसाला आपला डावा पाय कुठं असतो ते माहीत नव्हतं. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"वैनी, येवडं बारीक तुमी ऐकलंसा?" मिस्त्रींनी विचारलं. "गड्यांनो, ह्यांचा कान बगा!"

काय सांगू, बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हासुद्धा मी इतकी फुगले नव्हते.

या सगळ्यात सुनेत्राला मी खाली सोडलं होतं. ती मडगार्डला दोन्ही तळवे लावून उभी होती. मग तिनं गाल लावला. मग तोंड उघडून आपले चार दात बंपरच्या पत्र्याला लावले आणि खदखदून हसली. "शी, घाण!" म्हणून मी तिला ओढलं, तर ती परत तिथंच. तेवढ्यात ह्यांनी रेस दिली आणि सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार निघाला. मी किंचाळले. गुंडूच्या हातातली कांडी पडली. पत्र्यातली कबुतरं एकदम उडाली. सुनेत्रा गाल लावून तशीच. कबुतरांच्या सावल्या जमिनीवर पळाल्या तेव्हा तिनं वर बघितलं.

मिस्त्री तिच्याकडे बघत होते. त्यांनी एक मोठा पाना उचलला, तिच्या पाठीमागं गेले, आणि तिथल्या लोखंडी पाटावर तो वरून टाकला. मग चिंधीला हात पुसत ते वाक्य बोलले. आणि मी ते झटकून टाकलं, ते सुरुवातीलाच सांगितलं.

गाडी त्यांच्याकडेच राहिली. विलायती बेअरिंग मुंबईत मिळेना. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. शेवटी मिस्त्रींनी उसाला पाणी उपसायच्या इंजिनाचं एक बेअरिंग शोधलं. ते बाहेरून जरा लहान होतं, म्हणून लेथवर एक कडं कातून त्यावर चढवलं. हे रोज कॉलेज सुटल्यावर तिकडं जाऊन उभे राहायचे. मी गेले नाही. मला मिस्त्रींच्या समोर उभं राहायचं नव्हतं.

दिवाळीत आमच्या गल्लीत लवंगी माळांचा कडकडाट. शेजारचं बाळ रडून निळं पडत होतं आणि सुनेत्रा पाळण्यात झोपलेली. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, "बगा की, कसली गुणाची पोर! ढगफुटी झाली तरी उठायची न्हाई." मी वहीत लिहिलं: 'फटाक्यांना भीत नाही. शांत स्वभाव.'

आपल्या हातानं लिहिलं. तारीख घालून.

जानेवारीत गाडी आली. हे म्हणाले, चल, लांब जाऊ. गडमुडशिंगीच्या रस्त्याला लागलो. थंडी होती, उसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता, आणि गुऱ्हाळं पेटलेली. एका गुऱ्हाळाशी रस प्यायला थांबलो. ह्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, मुद्दाम डावा पाय उचलून मला दाखवला, आणि म्हणाले, "ऐक."

मी ऐकलं. काही नव्हतं. नुसती इंजिनाची एकसारखी, गुळगुळीत धडधड. मी इतकी खूश झाले की लगेच पिशवीतून वही काढली. 'आवाज बंद' असं लिहायचं होतं. गाडीची नोंद मागून पुढं येत होती, सुनेत्राची पुढून मागं जात होती, आणि त्या दिवशी मधे एकही कोरं पान उरलं नव्हतं. पानाच्या तळाशी लिहायला वही पसरली तर दोन्ही नोंदी समोरासमोर.

उजवीकडं: 'क्लच दाबल्यावर नाही. सोडल्यावर आहे.'

डावीकडं: 'हाक मारल्यावर कधी बघते, कधी नाही. पाठीमागून मारल्यास नाही. कुकरच्या शिट्टीला दचकत नाही. फटाक्यांना भीत नाही.'

माझंच अक्षर. केव्हा आहे आणि केव्हा नाही, हे दोन्हीकडं मी सारख्याच नेटकेपणानं लिहून ठेवलं होतं. फक्त एका बाजूची नोंद घेऊन मी ह्यांना मिस्त्रींकडे जायला लावलं होतं, आणि दुसरीकडं 'शांत स्वभाव' लिहून पान उलटलं होतं.

सुनेत्रा गाडीच्या दाराला धरून उभी होती, पाठ माझ्याकडे, तळवे पत्र्यावर. मी हाक मारली. "सुनेत्रा." मग मोठ्यानं. मग मला माझाच आवाज ओळखू येईना. चुलवाणात जाळ घालणारा माणूस वळला. रस देणारी बाई वळली. काहिलीत घोटा मारणारा गुळव्या हात थांबवून बघायला लागला. अख्खं गुऱ्हाळ वळलं. ती वळली नाही.

हे खाली उतरले आणि तिच्या मागं उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एक. दोन. तिसऱ्यांदा हात उचलले आणि ते तसेच राहिले.

आठवड्याभरात मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, खालचे जड आवाज हिला थोडे येतात, वरचे येत नाहीत. यंत्र लावू, बोलायला शिकवू, शिकेल. जितक्या लवकर, तितकं बरं. "तुम्हाला पहिल्यांदा कधी शंका आली?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सप्टेंबरात." त्यांनी कागदावरून मान वर केली. मला आली नव्हती, दुसऱ्या कुणाला आली होती, हे काही मी सांगितलं नाही.

त्यानंतर मी मिस्त्रींकडे गेले. ह्यांना बरोबर घेतलं नाही. सुनेत्राच्या छातीवर कानाच्या यंत्राची कापडी पिशवी होती, तिच्यावर सासूबाईंनी पोपट भरला होता. मिस्त्रींनी पिशवी बघितली. मीच समोर उभी राहून म्हणाले, "चाचा, मी तुमचं ऐकलं नाही. तुमच्याबद्दल टांग्यात काय बोलले तेही..."

"ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले. "माजं कान गेल्यालं चार साल कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. समदे म्हनायचे, शमशू माजलाय, हाक मारली तर बगत न्हाई. आमची हुसेनबीसुदीक दोन म्हैनं रुसून बसलती माज्यावर. म्या म्हनालो, अगं, तू बोलतीस कवा ते तर सांग!"

आतून त्यांची बायको हुसेनबी ओरडली, "आता बी बोलून काय उपेग? मानूस बगतंय दुसरीकडंच!" आणि चहा घेऊन आली.

मग मिस्त्रींनी ती शिसवी काठी जेवायचं भांडं घासावं तशी साबणानं धुतली. सुनेत्राला हुसेनबीच्या मांडीवर बसवलं, माझ्याकडे तिची पाठ. काठी तिच्या खांद्यावरून घेऊन एक टोक तिच्या दातांशी धरलं. ती आपणहून चावली. दुसरं टोक त्यांनी माझ्या गळ्याला, घाटीच्या खाली, अलगद टेकवलं.

"मारा हाक."

मी नुसती सुनेत्राच्या पाठीकडे बघत राहिले.

"वैनी, पाय काडा क्लचवरचा," ते म्हणाले. "मारा."

मी हाक मारली. जड, खालच्या आवाजात. सुनेत्रा दात घट्ट करून क्षणभर थांबली. तोंडात काठी तशीच ठेवून तिनं डोळे काठीवरून सरकवत सरकवत मागं आणले, आणि काठीच्या दुसऱ्या टोकाला मी आहे असं बघून हसली.

पुढच्या वर्षी तिच्या शाळेसाठी आम्ही पुण्याला आलो. ह्यांनी बदली मागून घेतली, गाडी विकली. निघताना मिस्त्रींनी तसलीच, पण आखूड, एक काठी कातून सुनेत्राला दिली. आता ती सहा वर्षांची आहे, वाक्यं बोलते, 'र' म्हणताना अडखळते. अजून कुठं स्कूटर उभी दिसली की तळवा लावून बघते. गेल्या महिन्यात मला मुलगा झाला. रोज सकाळी त्याच्या डोक्यामागं मी ताटली आपटते. रोज दचकतो बिचारा, आणि रडतो. सासूबाई रागावतात. मी आपटतेच.

मिस्त्रींचं कार्ड दिवाळीला आणि ईदेला कधी चुकायचं नाही. ते सांगायचे, त्यांची मुलगी रशिदा लिहायची. हुसेनबी गेल्याचंही तिनंच कळवलं. मग रशिदाचं लग्न होऊन ती सासरी गेली, तिचा पत्ता माझ्याकडे नाही. शेवटचं कार्ड कुणाच्या तरी वेगळ्याच अक्षरात होतं: तब्येत ठीक आहे, शेडमध्येच राहतो, डोळ्यांपुढं धुकं येतं, सुनेत्राला दुवा. त्याला आता वर्ष झालं. ईद गेली, दिवाळी गेली. गुंडूला लिहावं तर तो वेल्डिंगच्या कामावर दुबईला गेलाय. ह्यांना परीक्षेच्या कामातून सुटका नाही, आणि माझ्या मांडीवर दीड महिन्याचं लेकरू. कार्ड आलं नाही ते कदाचित लिहायला माणूस नाही म्हणूनच असेल. पण ज्या माणसाला ओठ बघूनच ऐकू येतं, त्याच्या डोळ्यांपुढं धुकं आलं तर तो किती एकटा पडेल, हे माझ्या मनातून जात नाही. एकदा मी 'असेल काहीतरी साधं' म्हणून गप्प बसले आहे. परत बसायचं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी कोल्हापुरात असाल, तर एवढं करा. उद्यमनगरात फाउंड्र्यांच्या मागच्या बोळात जा, वेल्डिंगच्या बंद दुकानाला लागून निळ्या पत्र्याचं दार आहे. हाका मारू नका, कडीही वाजवू नका. उंबऱ्याशी एक जाड लोखंडी पाट आहे, त्यावर टाच जोरात तीनदा आपटा. त्यांना पायातून कळतं. समोर उभं राहून, उजेडात, सावकाश बोला. आणि डोळ्यांनी दिसत नाही असं वाटलं, तर खिळ्याला अडकवलेली काठी काढून त्यांच्या हातात द्या. ते दातात धरतील. दुसरं टोक तुमच्या गळ्याला लावा आणि सांगा, सुनेत्राच्या आईनं विचारलंय, कसे आहात? ते काय म्हणतात ते मला कळवा.